जेटमधली तार

रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरच्या नुसत्या आवाजावरून तिच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जास्त जातंय की कमी, हे मी स्वयंपाकघरात बसून सांगू शकते. आजही सांगू शकते. सांगत मात्र नाही.

ही विद्या मी कुठे शिकायला गेले नव्हते. आमचं घर यशवंतपूरला, तुमकूरच्या रस्त्याला लागून. पुढे यजमानांचा स्कूटर दुरुस्तीचा कारखाना आणि मागे दोन खोल्यांत आमचा संसार, मध्ये एक पातळ भिंत. कारखाना म्हणजे नावालाच, एक पत्र्याची पडवी आणि भिंतीवर ओळीनं टांगलेले पान्हे. सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत कुठली ना कुठली गाडी तिथे धडधडत असायची. पहिलं वर्षभर माझं डोकं उठायचं. मग कान तयार झाला. मी भाकरी थापता थापता आतून ओरडायची, "अहो, ही अडखळतेय बघा, पेट्रोल जास्त पितेय!" गिऱ्हाईक चकित व्हायचं. यजमान हसून म्हणायचे, "आमच्या घरातच मोठी मिस्त्रीण आहे की." मला ते फार आवडायचं. मी होतेच तशी, शेफारून जाणारी. सगळ्यातलं आपल्याला कळतं, असं मला वाटायचं.

त्या काळच्या स्कूटरचं इंजिन कसं चालतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. टाकीत पेट्रोल घालतानाच त्यात मापानं तेल मिसळायचं. कार्ब्युरेटरमध्ये ते पेट्रोल हवेत मिसळतं आणि इंजिनात जाऊन पेटतं. पेट्रोल जास्त झालं तर धूर, काजळी, प्लग काळाठिक्कर. गाडी जड चालते, पण चालते. पेट्रोल कमी केलं तर धूर जातो, गाडी तरतरीत पळते, एका टाकीत लांब जाते. मालक खूश. पण इंजिन भयंकर तापतं. शिवाय तेल येतं ते पेट्रोलाबरोबरच. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, म्हणजे आतला पिस्टन कोरडा. तापलेला, कोरडा पिस्टन फुगून एका क्षणी जागच्या जागी अडकतो, आणि मागचं चाकही त्याच क्षणी गच्च बसतं. यजमान हे सगळ्या गिऱ्हाइकांना समजावून सांगायचे. ते इतक्यांदा सांगून झालं होतं की मला ते आरतीसारखं पाठ होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

माझ्या धाकट्या भावाला पुष्कळ वर्षं वाट बघून स्कूटर मिळाली. तेव्हा नाव नोंदवून बसावं लागे. त्याचं लग्न झालं, बायको गरोदर राहिली, तरी नंबर लागेना, आणि लागला तेव्हा तो लहान मुलासारखा नाचला. तो जुन्या पेठेत आईजवळ राहायचा, एका कचेरीत नोकरी करायचा. घाई हा त्याचा स्वभाव. जेवायला बसला तरी एक पाय उचललेलाच. आईचा जीव की प्राण. माझाही. मला तो 'अक्का' म्हणायचा आणि मी म्हणेन ती पूर्व दिशा मानायचा. वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला मीच हाताशी धरून वाढवला होता.

नवी गाडी धूर फार टाकायची. यजमान म्हणाले, बंगळूर उंचावर आहे, इथली हवा विरळ, म्हणून कंपनीनं बसवलेल्या जेटमधून इथे पेट्रोल जास्त जातं. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. त्याच्या बारीक भोकातून पेट्रोल येतं. लहान भोकाचा जेट हवा होता आणि तो गावात कुठेच मिळेना. तेव्हा त्यांनी एक कामचलाऊ युक्ती केली. विजेच्या वायरीतली केसासारखी एक तांब्याची तार काढली आणि जेटच्या भोकात ओवून ठेवली. भोक तेवढंच अरुंद झालं. धूर बंद.

"पण हे गावातल्या गावात," त्यांनी भावाला बजावलं. "कचेरी, बाजार, एवढंच. लांबच्या रस्त्यावर मूठ पिळून पळवायची नाही. लांब जायचं असलं की आधी माझ्याकडे आण, तार काढून देतो."

"सरी, ठीक आहे भावजी," तो म्हणाला.

त्यानंतर महिन्याभरात त्याला मुलगी झाली. बायको बाळंतपणाला माहेरी, तुमकूरला होती. बारसं दसऱ्याच्या दिवशी ठरलं. मी आत्या, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. भावानं नाव ठरवून फक्त मला सांगितलं होतं, आईलासुद्धा नाही. आम्ही तिघांनी, म्हणजे आई, मी आणि त्यानं, सकाळच्या गाडीनं जायचं, असं ठरलं. यशवंतपूर स्टेशन घरापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणून आई आदल्या दिवशीच माझ्याकडे राहायला आली.

तो आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. बंगळुरात तिला आयुधपूजा म्हणतात, आणि इथे ती दिवाळीपेक्षा दणक्यात होते. ज्याची ज्यावर भाकरी, ते त्यानं पुजायचं. बस, लॉऱ्या, टांगे, शिवणयंत्रं, सगळ्यांना झेंडूच्या माळा. चाकाखाली लिंबू, रस्त्यावर कुंकू लावून फोडलेले कोहळे, आणि दारोदार चुरमुरे-फुटाणे. माझं माहेर पिढ्यान्पिढ्या बंगळूरचं. आमचे पूर्वज म्हणे कुठल्याशा सैन्याबरोबर इकडे आले. सैन्य कुणाचं होतं यावर घरात कधी एकमत झालं नाही, पण त्या पूर्वजांची एक गंजकी तलवार होती आणि तिच्या पूजेचे नियम कडक होते. नवमीला पूजेत ठेवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. भाजी चिरायची विळीसुद्धा पूजेत, त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे भाजी हातानं मोडून करायची. लग्नानंतर हा नियम मी इथे आणला. यजमान बेळगावकडचे, त्यांच्या घरी एवढं कडक नव्हतं. पहिल्या वर्षी ते जरा कुरकुरले, मग गप्प बसले. माझ्यापुढे गप्प बसणं त्यांनी लवकरच शिकून घेतलं होतं.

तर नवमीची पूजा झाली. पाटावर लाल कापड, त्यावर सगळे पान्हे, स्क्रूड्रायव्हर, कानशी, हातोड्या, माझी कात्री, विळी. भाऊही आपली स्कूटर धुऊनपुसून आमच्याच दारात पूजेला घेऊन आला होता. दुपारी पंगत बसली. होळगी, म्हणजे इकडची पुरणपोळी, वाढली. आणि तो सहज म्हणाला, "अक्का, तुम्ही दोघी ट्रेननं जा. मी स्कूटरवर येतो. सासरच्यांना गाडी दाखवायची आहे."

यजमानांचा घास हातातच राहिला. "स्कूटरवरनं जायलास? तुमकूरला? मग आधी तार काढायला पाहिजे." आणि ते ताटावरून उठलेच. हात धुतला आणि पूजेच्या पाटाकडे निघाले.

मी आडवी गेले.

"पाच मिनिटांचं काम आहे की गं," ते म्हणाले. "एक पान्हा नि एक स्क्रूड्रायव्हर. काम झालं की परत ठेवतो, वर फूल वाहतो."

"तुमच्या घरी चालत असेल. इथे चालायचं नाही. उद्या त्याच्या लेकीचं बारसं, आणि आज तुम्ही पूजा मोडणार?"

आई तिथेच बसली होती. आईच्या देखत मी त्यांच्या घराण्याचा उद्धार केला. मला तेव्हा फार धार्मिक वाटत होतं असंही नाही. खरं सांगायचं तर घरात माझा शब्द चालतो हे आईला दिसावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भाऊ हसत म्हणाला, "असू दे भावजी, अक्का म्हणते तर. मी स्वल्प हळू जातो."

यजमान माझ्याशी भांडले नाहीत. ते रेल्वे फाटकाजवळच्या दुसऱ्या मिस्त्र्याकडे पान्हा मागायला गेले. त्याच्याही दाराला माळ आणि कुलूप. पुढच्याकडेही तेच. त्या दिवशी अख्ख्या बंगळुरात कुणी कुणाला पान्हा दिला नसता. रिकाम्या हातानं परत आले, अंगणात स्कूटरपाशी बसले आणि खिशातून एक नाणं काढलं. कार्ब्युरेटरला बाहेरून एक छोटा स्क्रू असतो, त्याची खाच नाण्यानं फिरवता येते. गाडी सुरू करून त्यांनी तो थोडा थोडा फिरवला. आधी अडखळणारा आवाज हळूहळू सुरळीत झाला आणि मग इतका गोड, इतका एकसारखा यायला लागला की मी ओसरीवरून टाळी वाजवली. "झालं की नाही? हत्याराला हात न लावता झालं!"

"हे नुसतं उभ्या गाडीचं झालं," ते म्हणाले. "मूठ पिळली की पेट्रोल जेटमधूनच येणार. तार आहे तिथंच आहे." मग भावाला म्हणाले, "हे बघ, उद्या मी पहाटेच उत्तरपूजा उरकतो. तू इथूनच जाणार. दारात थांब. पाच मिनिटांत तार काढून देतो. थांबल्याशिवाय जायचं नाही."

"सरी."

ते हात धुवायला मागे गेले. भाऊ पेठेत परत निघाला होता. मी त्याला दारापर्यंत पोचवायला गेले, हातात चुरमुऱ्यांचा पुडा दिला. आणि म्हणाले, "यांचं काही मनावर घेऊ नकोस. कामाचं वेड आहे त्यांना. गाडी कशी चाललीय ऐक की. आता काही नको तिला. उद्या उगाच इथे थांबत बसू नकोस, मुहूर्त साडेदहाचा आहे, तुझं नेहमीचं ठरलेलं, उशीर."

तो म्हणाला, "तू म्हणतेस तर ठीकच असणार, अक्का."

हे बोलणं दोघांतच झालं. दुसऱ्या कुणी ऐकलं नाही.

दसऱ्याला पहाटे आई आणि मी स्टेशनवर गेलो. पुढचं मला समोरच्या किराणा दुकानदारानं नंतर सांगितलं, यजमानांनी नाही. यजमानांनी उजाडायच्या आत उत्तरपूजा केली आणि पान्हा नि स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन ते रस्त्यावर उभे राहिले. चहासुद्धा घेतला नाही. आठ वाजून गेले तरी भाऊ आला नाही. साडेआठच्या पुढे तो आला तो वेगातच. नवा शर्ट, हँडलला झेंडूची माळ. त्यानं दाराकडे बघून हात केला आणि तसाच पुढे गेला. यजमान रस्त्याच्या मधोमध पान्हा हलवत, हाका मारत त्याच्या मागे धावले. पार पुढच्या वळणापर्यंत धावले. दुकानदार म्हणाला, मला वाटलं दोघांचं भांडण झालंय.

तुमकूरला पाळणा सजवून ठेवला होता. बायका जमल्या होत्या. मुहूर्त झाला, टळला. बायका म्हणाल्या, आत्या आली आहे ना, नाव सांगू दे, बाप येईल मागाहून. मी म्हटलं, नको, त्याला येऊ दे. मला त्याचा रागच आला होता. माझ्यामुळे वाचलेली पाच मिनिटं ह्यानं झोपण्यात घालवली, असं मनात म्हणत होते. बाळ रडून रडून झोपलं. एक वाजता दारात पोलीस आला.

वाटेतलं नेलमंगल मागे टाकल्यावर सरळ, मोकळा रस्ता लागतो. तिथे त्यानं मूठ पूर्ण पिळली असणार. इंजिन जाम झालं, मागचं चाक गच्च बसलं, गाडी आडवी फिरली आणि समोरून लॉरी आली. लॉरीवाल्याची काही चूक नव्हती. तिच्याही पुढे झेंडूची माळ होती म्हणे.

बाराव्याला यजमान सगळ्यांसमोर उभे राहिले. त्यांनी इंजिन उघडून पाहिलं होतं. पिस्टनवर ओरखडे, प्लग चुन्यासारखा पांढराफटक. ते माझ्या आईला म्हणाले, "तार मी घातली होती. काढायची राहिली." एवढंच. का राहिली, ते त्यांनी सांगितलं नाही. आईनं नवमीचा सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. पण दुःखात माणूस आपल्याला सोसेल तेवढंच आठवतं. तिच्या लेखी तार जावयानं घातली, लेकीनं फक्त पूजा राखली, आणि सकाळी दारावरून जाणाऱ्या पोराला जावयानं अडवलं नाही. ती म्हणाली, "पुन्हा तुमच्या हातचं पाणी घेणार नाही." मी तिथेच बसले होते. आता बोलावं, आता बोलावं, असं करत करत सगळे उठून गेले.

बाळाचं नाव पुढे आजोळच्यांनी ठेवलं, दुसरंच. मला बोलावणं आलं नाही. भावानं सांगितलेलं नाव माझ्यापाशीच राहिलं. ते मी इथेही लिहिणार नाही.

यजमानांनी त्यानंतर कार्ब्युरेटरला हात लावला नाही. पंक्चर, ब्रेक, क्लचच्या तारा, एवढंच काम घ्यायचे. कार्ब्युरेटरचं काम आलं की फाटकाजवळच्या मिस्त्र्याकडे पाठवायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, ह्यांचा हात गेला. मी आतून ओरडणं सोडलं. दर नवमीला ते स्वतः पाटावर सगळी हत्यारं मांडायचे, पण एक पान्हा आणि एक स्क्रूड्रायव्हर खिडकीत बाजूला ठेवलेले असायचे. मी बघायची. तसंच राहू द्यायची.

त्यांनी मला एका शब्दानं टोचलं असतं तर मी सुटले असते. मी त्यासाठी भांडणं उकरून काढली. कधी मीठ जास्त, कधी उशीर, काहीही. एकदा तर मी ताट भिरकावलं आणि किंचाळले, "बोला की एकदाचं! माझ्यामुळे झालं म्हणा!" ते खाली बसून भात गोळा करायला लागले. म्हणाले, "काय म्हणू? तार तर मीच घातली होती." हे ते मनापासून म्हणत होते, आणि त्याचाच मला संताप यायचा.

एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा विचारायचे, मला असं नाही, स्वतःशीच, पण मला ऐकू जाईल असं. "मी एवढ्या हाका मारल्या. त्याला ऐकू आल्या नसतील का? नाहीतर तो थांबला असता की." पंक्चरचं चाक फिरवता फिरवता हात थांबायचा आणि हे यायचं. उत्तर माझ्याकडे होतं. दर वेळी मी उठून आत जायची. चुलीला फुंकर घालायची, नाहीतर पाणी भरायला निघायची.

आई चार वर्षांनी गेली. शेवटी तिला माझ्याकडेच आणलं, दुसरं कुणी नव्हतं. यजमानांनी कारखान्यातली गाडी हलवून तिच्या खाटेला हवेशीर जागा केली. तिचं करण्यात ते कुठे कमी पडले नाहीत, पण ती त्यांच्याकडे बघायची नाही. औषध मी द्यायचं, पाणी मी पाजायचं.

शेवटच्या दिवशी दुपारी तिनं माझा हात धरला. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाली, "ते परके. त्यांना काय बोलायचं? पण तू मोठी. तुझं तो ऐकायचा. तू तरी त्याला सांगायचं होतंस गं, थांबून जा म्हणून."

यजमान दारात उभे होते. तिचा घसा कोरडा पडलेला पाहून पाण्याचं भांडं घेऊन आले होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, आता ते म्हणणार, मी सांगितलं होतं त्याला, हिचा दोष नाही, तोच थांबला नाही. मला वाचवायला म्हणणार. मी त्यांना बोलू दिलं नाही. घाईनं म्हणाले, "माझ्या लक्षात आलं नाही, आई."

आईनं डोळे मिटले. ते भांडं घेऊन पुढे आले, तशी तिनं मान फिरवली. मी त्यांच्या हातातून भांडं घेतलं, तिचं डोकं उचललं आणि ओठांना लावलं. माझ्या हातचं पाणी ती सगळं प्यायली.